माझे आठ पूर्ण होते

मला एका जागी बसवत नाही. बाबा रेल्वेत फिटर होते, अमरावतीकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. ते म्हणायचे, "या पोट्टीच्या पायाले भिंगरी बांधली हाये काय?" आणि नशीब असं की पोटापाण्याचं काम मिळालं तेही बसून करायचं. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे मी वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजते आहे. मोजण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी गर्वाने सांगत असे. टेबलाखाली मात्र माझा पाय सारखा हलत असतो. शेजारची मुलगी म्हणते, दीदी, आपका पैर देख के मुझे चक्कर आता है.

म्हणूनच बहुधा मी चर्चच्या यूथची लीडर झाले. आमचं चर्च हिंदी. मराठी घरं चार-पाच, बाकी छत्तीसगढी आणि थोडे ओडिया. तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींचं यूथ. वर्षातून दोन वेळा त्यांना घेऊन आम्ही जंगलात कॅम्पला जायचो. त्यातला मोठा कॅम्प नाताळ उलटला की असायचा, नवीन वर्षाच्या आत. महासमुंदच्या पलीकडे एक बंद पडलेली मिशन शाळा आहे. तिच्या पटांगणात तंबू लावायचे, सकाळी मागची डोंगरी चढायची, वर प्रार्थना, गाणी, पुरीभाजी, आणि मग उतरायचं. ते तीन दिवस माझा पाय हलत नसे, कारण मी बसतच नसे.

या कॅम्पचे दोन नियम होते आणि दोन्ही लीडरांच्या पोरांसाठी होते. पूर्वी एका लीडर बाईंनी थंडी पडली म्हणून आपल्या मुलाला स्वतःच्या रजईत घेतलं आणि बाकीची पोरं कुडकुडत राहिली. आईबापांनी बोंब ठोकली. तेव्हापासून ठरलं, की लीडरचं मूल लीडरच्या गटात ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या गटात द्यायचं. आणि कॅम्पमध्ये आईला मम्मी म्हणायचं नाही. सगळ्यांसारखं दीदीच म्हणायचं. हे नियम इतरांनी केले आणि सर्वात कडक पाळले ते मी. माझी मुलगी तेरा वर्षांची होऊन यूथमध्ये आली तेव्हा मी तिला स्वतः दुसऱ्या लीडरच्या हवाली केलं आणि पुढे दोन दिवस तिच्याकडे वळून पाहिलं नाही. मला ते फार मोठं वाटलं होतं.

दुसरा लीडर चर्चमधलाच, सगळे त्याला भैया म्हणतात. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पंडरीच्या ठोक बाजारात कापडाचे तागे उचलून उचलून त्याचे खांदे असे झालेत, की दोन पोरं खांद्यावर घेऊन तो डोंगरी चढेल. कुठल्याही कामाला त्याचं उत्तर एकच, "हव दीदी." नाही म्हणणं त्याला येत नाही. मी त्याला चिडवायची, तुझी बायको फार सुखी असेल रे.

त्या वर्षी मुलगी नववीत होती. डिसेंबर लागला तसं तिने जाहीर केलं की ती येणार नाही. आमच्या घरात मी आणि नवरा मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते, हे आता अंगवळणी पडलंय. मी विचारलं, काहून? ती म्हणाली, "वहाँ जाके क्या करूँ? आप तो वहाँ रहती नहीं."

मला हसू आलं. तीन दिवस चोवीस तास मी तिथे असते, सगळ्यात आधी उठते, सगळ्यात शेवटी झोपते, आणि ही म्हणते रहती नहीं. नवरा वीज कंपनीत आहे, कमी बोलतो. तो चहा पिता पिता म्हणाला, "तू काहून तिले जबरदस्ती करून राहिली? तुले लोकायचे पोट्टे दिसतात, घरची पोट्टी दिसत नाही." मी चिडले. लीडरचीच मुलगी आली नाही तर बाकीच्यांच्या आईबापांना मी कोणत्या तोंडाने सांगू, पाठवा म्हणून? शेवटी मी सौदा केला. या वर्षी ये. नाही आवडलं तर पुन्हा कधी म्हणून विचारणार नाही. ती म्हणाली, पक्का? मी म्हणाले, पक्का. मनात खात्री होती की तिला आवडेल. डोंगरावर एकदा वारा लागला की माणूस बदलतं असं माझं मत होतं, कारण मी बदलायची.

सदर बाजारात जाऊन तिला नवे बूट घेतले. ती म्हणाली, टाचेला लागतात. मी म्हणाले, चालून सैल होतील.

सोळा पोरं होती. आठ माझ्याकडे, आठ भैयाकडे, माझी मुलगी अर्थातच त्याच्या आठांत. स्वयंपाकाला एक आंटी शाळेतच थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो, साडेदहाला माथ्यावर. मी सगळ्यांच्या पुढे, मग सगळ्यांच्या मागे, मग पुन्हा पुढे. भैया म्हणाला, दीदी, आप एक बार में दो बार पहाड़ चढ़ती हो. वर एक सपाट खडक आहे, तिथून खाली सागाचं जंगल आणि लांबवर एक तळं दिसतं. प्रार्थना लांबली, नेहमीसारखी. पुरीभाजी झाली. एक वाजत आला तशी माझी घाई सुरू झाली. बसून राहिलेली पोरं पाहिली की मला उगाच काहीतरी बिघडणार असं वाटू लागतं.

उतरायला दोन वाटा. एक उभी, जवळची, दगडांवरून हात टेकत जायची. दुसरी लांब, गावच्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन जातात ती. ठरलं असं की भैयाने त्याच्या आठांना घेऊन उभ्या वाटेने जायचं आणि मी माझ्या आठांना घेऊन लांब वाटेने.

माझ्या गटातल्या एका मुलीची टाच सोलली होती. मी गुडघ्यावर बसून तिला पट्टी लावत होते. माझ्या मागून आवाज आला, "दीदी, मैं आपके साथ आ जाऊँ? भैया ने हाँ बोला है." माझीच मुलगी होती. मी मान वर केली नाही. पट्टी चिकटत नव्हती आणि मला घाई होती. मी म्हणाले, "अपने ग्रुप में जाओ." ती काही तरी पुटपुटली. मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम. जा." मग पट्टी चिकटली, ती मुलगी उठली, मी माझे आठ मोजले आणि आम्ही निघालो.

दोन वळणं उतरलो असू. वरून हाक आली. "दीदी!" वाऱ्यात फाटलेली, पण हाक होती. मी थांबले. कॅम्पमध्ये दिवसभरात शंभर वेळा कुणी ना कुणी दीदी म्हणून ओरडतं. मी वळले आणि आपली माणसं मोजली. एक, दोन, तीन, आठपर्यंत. माझे आठ पूर्ण होते. म्हणजे हाक भैयाच्या गटातली. त्या पोरांजवळ त्यांचा लीडर आहे. मी पुढे चालू लागले. पुन्हा एकदा हाक आली, मग आली नाही.

तो आवाज मी ओळखला होता का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ओळखला नव्हता म्हणावं तर आई कसली, आणि ओळखला होता म्हणावं तर काय म्हणावं.

अडीचला शाळेत पोचलो. भैयाची पोरं आधीच हातपाय धुऊन बसली होती. आंटी चहा गाळत होत्या. भैया माझ्याकडे आला, माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाला, "बेटी कहाँ है दीदी? आपके साथ थी न?"

मी म्हणाले, तिला मी तुझ्याकडे पाठवलं.

तो म्हणाला, "मैंने तो सात गिने. आठवीं आपके साथ बोल के निकल गया."

त्याचे सात पूर्ण होते आणि माझे आठ. जगातली सगळी गणितं बरोबर होती आणि माझी पोरगी डोंगरीवर एकटी होती. भैयाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो माफी मागू लागला, मी त्याला थांबवलं. मला त्याची माफी ऐकायलाही बसवत नव्हतं.

आम्ही दोघे उलटे फिरलो. तो उभ्या वाटेने, मी लांब वाटेने, म्हणजे ती कुठल्याही वाटेने उतरत असेल तर चुकायची नाही. फोनला तिथे रेंज नाही. वाटेत मोळी घेऊन येणारी एक बाई भेटली. मी विचारलं, एक मुलगी दिसली का, निळा स्वेटर. ती नाही म्हणाली, आणि माझं तोंड पाहून मोळी खाली टाकून थोडा वेळ माझ्याबरोबर वर चढली. मग घरी तिची पोरं वाट पाहत होती म्हणून ती परत गेली. चढताना मी हाका मारत होते. आधी नावाने. मग नुसत्याच. सकाळी जी डोंगरी मी सहज दोनदा चढले होते ती आता संपत नव्हती. डोक्यात काय काय येत होतं. घसरली असेल. कुणी भेटलं असेल. अस्वलं आहेत म्हणतात. नवऱ्याला काय सांगू. आणि या सगळ्याच्या खाली एक घाणेरडा विचार, की आईबाप काय म्हणतील. तोसुद्धा आला होता, खोटं कशाला लिहू.

ती खडकावरच होती. जिथे मी तिला शेवटचं ऐकलं त्याच जागी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. भैया माझ्या आधी पोचला होता आणि चार हात दूर उभा राहून रडत होता. एवढा धिप्पाड माणूस. ती रडत नव्हती. बूट तिच्या बाजूला होते, मोजे काढलेले, दोन्ही टाचा लाल. मोज्यांवर रक्त वाळलं होतं.

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने घेऊ दिलं, पण तिचे हात तिच्या गुडघ्यांवरच राहिले.

मी म्हणाले, "खाली काहून नाही आली तू? लांब वाट माहीत होती न तुले?"

ती म्हणाली, "आप ही सिखाते हो. खो जाओ तो जगह से हिलना नहीं."

हे मीच शिकवते, दर कॅम्पच्या पहिल्या संध्याकाळी, हातवारे करून. मग ती सांगू लागली, काल शाळेत काय झालं ते सांगावं अशा आवाजात. मी पाठवल्यावर ती बूट हातात घेऊन उभ्या वाटेच्या तोंडाशी गेली. भैया निघून गेला होता. ती परत आली तर मीही निघाले होते. "फिर मैंने आवाज़ दी. दीदी बोला, रूल है करके. आप रुकीं. ऊपर से दिख रहा था. आपने पीछे देखा, सबको गिना, फिर चली गईं. तो मैं बैठ गई."

तीन तास ती बसली होती. मला तिला सांगायचं होतं की मला वाटलं भैयाच्या गटातलं कुणी असेल. ते मी सांगितलंसुद्धा. तिने मान हलवली, कळलं म्हणून. ते तिला खरंच कळलं होतं, आणि तेच मला सोसवेना. तिने एखादी थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

भैयाने तिला पाठीवर घेतलं. दिवस बुडता बुडता आम्ही खाली आलो. मी मागून तिचे बूट हातात धरून चालत होते.

रायपूरला परतल्यावर ही गोष्ट आमच्या आधी चर्चमध्ये पोचली. आणि चर्चमध्ये गोष्ट कशी पोचते, तर आपल्या पद्धतीने. हरवलेलं लेकरू सापडलं. प्रभूने तीन तास त्याला सांभाळलं. अस्वलाच्या जंगलात केसाला धक्का लागला नाही. गल्लीतल्या भाजीवाल्या आंटीपर्यंत सगळ्यांनी माझे हात हातात घेतले. आणि दुसऱ्या गोष्टीसाठी माझं कौतुक झालं, की स्वतःच्या मुलीलाही दीदीने नियमातून सूट दिली नाही. पास्टर साहेबांचा फोन आला, रविवारी गवाही द्या. गवाही म्हणजे उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, देवाने आपल्यासाठी काय केलं. मला बोलायला आवडतं. मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर खरं कारण सांगावं लागलं असतं.

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत वाक्यं जुळवत होते. मुलगी टाचांना मलम लावत बसली होती. म्हणाली, "क्या बोलोगी?"

मी म्हणाले, देवाचे आभार मानेन.

"मेरी आवाज़ वाली बात बोलोगी?"

मी ओटा पुसायला घेतला. तिने मलमाचं झाकण लावलं. "बोलना है तो पूरा बोलना. नहीं तो मत बोलो. वो मेरी बात है, आपकी अकेली की नहीं." आणि ती आत निघून गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला माझी इज्जत जाईल याची भीती होती का? होती. दहा-अकरा वर्षं मी जमवलेलं नाव होतं ते. सकाळी नवऱ्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "मले काय विचारते, तिले विचार." पण तिने तर सांगूनच ठेवलं होतं.

आमच्या चर्चमध्ये गवाही देणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला लोक आमेन म्हणतात. वाक्य कसंही असो. एकदा एका काकांनी सांगितलं की त्यांची म्हैस मेली, तर त्यालाही सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि काका बिचारे गोंधळून बसले. मी त्या गोष्टीवर कितीदा हसले आहे.

मी उभी राहिले. म्हणाले, प्रभु की स्तुति हो. आमेन. म्हणाले, हम सोलह बच्चों को लेकर पहाड़ पर गए. आमेन. मेरी बेटी पीछे छूट गई. आमेन. मुलगी तिसऱ्या बाकावर बापाजवळ बसली होती आणि सरळ माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "वह मेरे पास आई थी. मैंने उसे भगा दिया." लोकांनी म्हटलं आमेन. मी म्हणाले, "उसने ऊपर से मुझे आवाज़ दी. मैंने सुनी. और मैं आगे चली गई."

आणि सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, आमेन.

मग त्यांना आपण कशाला आमेन म्हणालो ते कळलं असावं. कुणीतरी खोकलं. पास्टर साहेब उठू का बसू करत होते. मी आभार न मानताच खाली येऊन बसले. मुलीने बाकावर सरकून जागा करून दिली.

घरी जाताना नवरा बाइकवर पुढे गेला होता, ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. ब्राह्मणपाऱ्यात शिरताना गर्दीत अडकलो. तिथे ती म्हणाली, "ठीक बोला आपने." मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, केलेला सौदा मोडून विचारलं, "मग पुढच्या वर्षी येशील न तू माझ्यासंग?"

ती म्हणाली, "नहीं मम्मी."

त्यात राग नव्हता. असता तर मी त्याच्याशी भांडले असते. त्यानंतर मी तिला कधी विचारलं नाही. तेवढं तरी पाळायलाच हवं होतं. आता ती अठराची होत आली आहे, माझ्याशी चांगली वागते, आजारी पडले तर डोकं दाबून देते. ही हकीकत लिहू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली लिखो, नाम किसी का मत डालना.

नियम बदलले. आता लीडरचं मूल लीडरच्याच गटात असतं आणि मम्मीला मम्मी म्हणतं. इतर आयांना त्याचा फायदा झाला. मी अजून जाते. सोडून द्यावं असं खूपदा वाटलं, पण घरी बसून तरी काय करणार. डिसेंबरात डोंगरी चढतो, खडकावर पुरीभाजी होते, लांब वाटेने उतरतो. माझे आठ मोजलेले असतात. तरी वरून कुणी दीदी म्हणून हाक मारली की मी सगळ्यांना तिथेच बसवते आणि परत वर चढते. पोरं कुरकुरतात. भैया म्हणतो, दीदी, मैं देख लेता हूँ न. बहुतेक वेळा कुणाला पाणी हवं असतं, नाहीतर कुणाची टोपी राहिलेली असते. माझी मुलगी रायपूरला घरी आहे, हे मला तेव्हाही ठाऊक असतं. तरी मी चढून जाते.